ढवळणे आणि मिसळणे

मराठी स्वयंपाकघराने हाताच्या हालचालींची जी काटेकोर वाटणी केली आहे, तिच्याकडे भाषेचे अभ्यासक म्हणून आपण पुरेसे लक्ष देत नाही. आमटी ढवळायची, भात कालवायचा, कणीक तिंबायची, ताक घुसळायचे, तांदूळ पाखडायचे. हात सगळीकडे हलतोच. फळ मात्र निराळे. तिंबण्याने पीठ आणि पाणी एकजीव होतात, तर घुसळण्याने लोणी वेगळे निघते. सूप हलले की फोलपट उडते, दाणा मागे राहतो. हालचालीने वस्तू एकत्र येतात आणि हालचालीनेच त्या दुरावतातही, हे आपल्या क्रियापदांना ठाऊक आहे. मात्र 'ढवळणे' म्हणजेच 'मिसळणे' असे आपण बोलण्याच्या ओघात गृहीत धरतो. या गृहीतकाची कसून तपासणी करणारे संशोधन आपल्याच राज्यात झाले आहे.

पिंपरी-चिंचवडच्या कारखानी परिसरात मराठी शिकवणारी आम्ही माणसे. समीकरणे आमच्या वाट्याची नव्हेत. तरीही आयआयटी मुंबईतील रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक देवांग खक्कर (२००९ ते २०१९ या काळात ते त्या संस्थेचे संचालकही होते) आणि अमेरिकेतील त्यांचे गुरू ज्युलिओ ओटिनो यांच्या कामाचा परिचय झाला, तेव्हा त्यातला प्रश्न आम्हाला परका वाटला नाही. द्रव कसे मिसळतात, आणि सुटे कण का मिसळत नाहीत, असा तो प्रश्न आहे.

आधी द्रवाचे पाहू. काकवीसारख्या दाट द्रवात रंगाचा थेंब टाकला आणि पळी एकाच दिशेने गोल फिरवत राहिले, तर रंगाची रेघ लांबत जाते, पण मिसळण फार हळू होते. रेघ ताणली जावी आणि मग तिची घडीही पडावी, तरच काम वेगाने होते. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात: १० घड्यांत १,०२४ आणि २० घड्यांत दहा लाखांहून अधिक. थर इतके बारीक झाले की उरलेले काम रेणू आपल्या स्वभावानेच पुरे करतात. हसन आरेफ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की दोन भोवरे आळीपाळीने फिरवण्याइतक्या साध्या योजनेतूनही कणांचे मार्ग कमालीचे गुंतागुंतीचे होतात. ओटिनो यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात या विषयाची सविस्तर मांडणी केली. ताणणे आणि दुमडणे: कणीक तिंबणाऱ्या हाताला हे शिकवावे लागत नाही. पण याच प्रवाहांत काही बेटेही राहून जातात. भोवतालचा द्रव कितीही घोळला तरी या बेटांच्या आत रंग शिरतो तो केवळ संथ झिरपण्याने.

कणांची गोष्ट याहून अवघड आहे. रेणू स्वतःहून हलतात. वाळूचा कण कोणी हलवल्याशिवाय जागचा हलत नाही. त्याला मिसळायचे तर हालचाल द्यावीच लागते, आणि नेमकी तीच हालचाल त्याची निवड करू लागते. लहानमोठे दाणे अर्ध्यापर्यंत भरलेले एक आडवे पिंप सावकाश फिरवावे. वरच्या पातळ थरातून दाणे घरंगळतात. त्या वेळी लहान दाणे मोठ्यांमधल्या फटींतून खाली सरकतात आणि थोड्याच फेऱ्यांत मधोमध त्यांचा गाभा जमतो. मोठे दाणे कडेला जातात. दाणे सारख्या आकाराचे असले, तर जड दाणे आत जातात. १९९७ मध्ये खक्कर, ओटिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विलगीकरणाचे गणिती प्रारूप मांडले. पिंप आणखी बराच वेळ फिरवले तर लांबीच्या दिशेने वेगवेगळे पट्टेही उमटतात; हे ओयामा या जपानी संशोधकाने १९३९ मध्येच नोंदले होते. दिवाळीच्या चिवड्याचा डबा आठवावा. तो हाताळला जातो तसतसे पोहे वर राहतात आणि डाळे, तिखट, मीठ तळाला जाते.

आमच्या परिसराचे पोट याच प्रश्नावर चालते. पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या टाक्यांत पेनिसिलीन तयार होई, तेव्हा बुरशीपर्यंत हवा पोहोचवणे हे पात्यांनी ढवळण्याचेच काम होते. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या फाउंड्रीत साच्याची वाळू, बेंटोनाइट माती आणि थोडे पाणी मलरच्या जड चाकांखाली अक्षरशः मळले जाते. मातीचा लेप प्रत्येक कणावर बसतो, ओलाव्याने कण एकमेकांना धरतात आणि त्यांची पांगापांग आवरली जाते. कोरडी वाळू नुसती फिरवून हे साधत नाही.

शहराचेही असेच काही असेल का? पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १० लाख होती. २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. तीन पाळ्यांच्या बसगाड्या माणसांना रोज हलवतात. तरी गावकऱ्यांच्या खोल्या एका चाळीत, जिल्ह्याची मंडळे वेगवेगळी. आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गातही बीडची मुले एका बाकाशी, जळगावची दुसऱ्या, आणि ज्यांच्या घरी हिंदी बोलतात ती भिंतीकडेला. म्हणून आम्ही वर्गात एक वही फिरवली. घरी पातळ भाजीला काय म्हणतात, एवढेच तीत लिहायचे. कोणी 'कालवण' लिहिले, कोणी 'कोरड्यास', कोणी 'रस्सा'. पातळ पदार्थाला 'कोरड्यास' कसे म्हणायचे, यावर हशा पिकला. मग एका मुलीने कोरड्या भाकरीला लावून खायचे ते कोरड्यास, असे समजावले. भिंतीकडच्या एका मुलाने ते आपल्या लिपीवळणात उतरवून घेतले आणि खाली आपल्या घरचा शब्द लिहिला. ओलावा म्हणतात तो एवढासाच असतो.

इथे रूपक थांबवायला हवे. साहित्याच्या माणसांनी तर आधी थांबवायला हवे. कणाला शेजारी निवडता येत नाही, माणसाला येतो. परक्या गावात आपल्या बोलीच्या माणसापाशी बसणे हा पुष्कळदा आधार असतो. त्याला दोष म्हणून मोजणे अन्यायाचे होईल. तसेच कणकेचे एकजीव होणेही आम्हाला वर्गासाठी नको आहे, कारण त्यात 'कोरड्यास' हरवेल. आपल्या क्रियापदांतले 'कालवणे' त्यातल्या त्यात जवळचे वाटते. त्यात भाताचे शीत शीतच राहते, फक्त कोरडे राहत नाही. आणि कालवायला हात आत घालावा लागतो. भांडे नुसते हलवून भागत नाही.