उशाला दगड

शेतकऱ्याच्या घरी भीतीला वेगळे आमंत्रण लागत नाही. मृगाचा पाऊस लांबला की ती ओसरीवर येऊन बसते, आणि ऐन काढणीत आभाळ भरून आले तरी येते. सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, विहिरीचा दिसू लागलेला तळ, ही सगळी तिचीच सोयरी. कृषी खात्याच्या नोकरीत जालना-संभाजीनगरकडच्या गावांतून हिंडताना मी बियाणे, खत, फवारणी यांबद्दल पुष्कळ सल्ले दिले. पण रात्री दोन वाजता टक्क जाग्या असलेल्या माणसाला काय सांगावे, हे बी.एस्सी.च्या पुस्तकात नव्हते. ते मला आमच्या ख्रिस्ती घराने शिकवले.

जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ते वसवले. शेषाद्री जन्माने ब्राह्मण. 1843 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या उपदेशाने या भागात जे ख्रिस्ती झाले, त्यांत मांग समाजाची माणसे बरीच होती. मुलूख निजामाचा. दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली आणि वस्ती उभी राहिली. आधीच गावकुसाबाहेरची माणसे, त्यात धर्म बदललेला. अशांच्या गावाला हे नाव शोभून दिसते.

कारण हे नाव बायबलातल्या याकोबाच्या गोष्टीतले आहे. याकोब थोरल्या भावाच्या रागाला भिऊन घरातून पळाला. रानात रात्र पडली, तेव्हा उशाला दगड घेऊन निजला. स्वप्नात त्याला आभाळाला टेकलेली शिडी दिसली, आणि देवाने त्याला सोबतीचे वचन दिले. सकाळी त्याने तोच दगड उभा करून त्यावर तेल ओतले आणि त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव ठेवले. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दगडाची काही गादी झाली नाही. भावाचा रागही निवळला नव्हता. आपण एकटे नाही एवढेच त्याला कळले, आणि तो उठून वाटेला लागला.

2012-13 च्या दुष्काळात आमच्या भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. माझ्या थोरल्या भावाची दोनशे झाडे होती. विहीर आटली, टँकरचे पाणी पुरेना. दादाने बोलणे सोडले, जेवण सोडले. आईने ते ओळखले. फवारणीच्या औषधाचा डबा तिने कोणाला न विचारता शेजारी नेऊन ठेवला, आणि रात्री दादाजवळ बसू लागली. ती स्तोत्र वाची, प्रार्थना करी, मग नुसतीच बसून राही.

एका रात्री दादा म्हणाला, "आई, मला फार भीती वाटते. माझा विश्वासच कमी पडला का गं?"

आई म्हणाली, "अरे, प्रभूलासुद्धा वाटली होती. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याचा जीव कासावीस झाला. त्याने शिष्यांना सांगितले, माझ्याबरोबर जागे राहा. पण ते झोपी गेले. ते झोपले, आपण जागू."

त्या रात्री दादा पोटभर रडला. सकाळी मला म्हणाला, "चल, झाडे मोजू." वाचण्याजोगी ऐंशी झाडे आम्ही निवडली. त्यांची फळे उतरवली, हलकी छाटणी केली, आळ्यात पाचटाचे आच्छादन दिले आणि असेल नसेल ते पाणी त्यांनाच घातले. बाकीची एकशेवीस सरपणाला गेली. प्रार्थनेने पाऊस लवकर आला नाही. आला तो सगळ्यांना आला तेव्हाच आला. पण तोवर दादा टिकला.

वाचकहो, तुमच्या घरी हरिपाठ होत असेल, नमाज होत असेल, बुद्धवंदना होत असेल. ज्याची त्याची श्रद्धा ज्याला त्याला बळ देवो. मात्र घरातला कर्ता माणूस गप्प गप्प राहू लागला, तर "देवावर भरवसा ठेव" एवढे सांगून निजू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला भीती बोलून दाखवू द्या. विषारी औषधे कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. सरकारचा टेलिमानस हा 14416 क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. तिथे बोलण्यात कमीपणा नाही. ज्याच्याजवळ कोणी जागे आहे, त्याची रात्र निभावते.