यादी लागेपर्यंत

काशीस येणारी माणसे बहुधा वाट पाहण्यासाठीच येतात. आमच्या दुर्गाघाटावरील मराठी वस्तीचा इतिहास पाहिला तरी हेच दिसून येते. अठराव्या शतकात नारायण दीक्षित कायगावकरांसारखे वैदिक येथे येऊन राहिले. घाट बांधले गेले, घरे उठली, आणि त्यांच्या मागोमाग देशावरून व कोकणातून कितीतरी कुटुंबे आली. तरुण आले ते वेदाध्ययनासाठी किंवा पौरोहित्यासाठी; वयस्क मंडळी आली ती काशीवासासाठी, म्हणजे सरळ भाषेत सांगावयाचे तर अखेरच्या दिवसाची वाट पाहण्यासाठी. ज्या देवीवरून आमच्या घाटाचे नाव पडले, ती ब्रह्मचारिणी दुर्गा तरी दुसरे काय करीत आहे? हातात जपमाळ व कमंडलू घेऊन ती शंकराच्या होकारासाठी तप करते आहे. अशा वस्तीत जन्म घालविलेल्या माणसांना प्रतीक्षेचे अप्रूप नसावे. तरीसुद्धा यंदा ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत एका निराळ्याच प्रतीक्षेने आमचे घर असे काही व्यापून टाकले, की तिच्याविषयी चार शब्द लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

घडले ते एवढेच, की आमच्या नातीने काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या संगीत व मंचकला संकायात गायनाच्या पदवीसाठी अर्ज केला. पूर्वी विश्वविद्यालय स्वतःची प्रवेशपरीक्षा घेत असे. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सर्व देशात एकच सामायिक परीक्षा आली. तिच्यात संगणकासमोर बसून उत्तरे द्यावयाची. पुढे प्रात्यक्षिक, म्हणजे परीक्षकांपुढे प्रत्यक्ष गाणे; आणि मग याद्या. पहिली यादी, दुसरी यादी, तिसरी यादी. नाव लागले की ठरल्या मुदतीत शुल्क भरावयाचे, न भरल्यास जागा पुढच्याला जावयाची.

प्रात्यक्षिकाहून नात परतली तेव्हा घरातील सर्वांनी तिला घेरले. काय गायलीस, किती वेळ गायलीस, कोणी मान डोलावली का? तिने सांगितले, की यमनाचा ख्याल मांडला, चार आलाप झाले, दोन ताना झाल्या, आणि "बस्, ठीक आहे" असे म्हणून त्यांनी पुढच्या मुलाला बोलाविले. त्या "ठीक आहे"वर आमच्याकडे आठ दिवस भाष्ये झाली. आमच्या सौभाग्यवतींचे मत असे, की पसंत पडले म्हणूनच लवकर थांबविले. आमचे चिरंजीव बँकेत आहेत, त्यांना हिशेब अधिक कळतो. ते म्हणाले, "बाहेर रांग मोठी होती, याहून अधिक अर्थ त्यात नाही." सूनबाई काहीच बोलल्या नाहीत; मात्र दर मंगळवारी त्या देवीला नारळ वाढवू लागल्या. नातीचे म्हणाल तर ती पहाटे उठून तंबोरा लावी खरी, पण दर पंधरा मिनिटांनी तिचा हात भ्रमणध्वनीकडे जाई. एकदा आम्ही म्हटले, "बाळ, पहाटे पाच वाजता यादी कोण लावतो?" ती म्हणाली, "आजोबा, मलाही ते ठाऊक आहे. हाताला ठाऊक नाही."

या दिवसांत आम्ही पुष्कळ विचार करीत होतो. गाणे शिकण्यासाठी वाट पाहावी लागणे ही गोष्ट काही आजची नव्हे. किंबहुना पूर्वी गाणे थोडे आणि वाट पाहणेच फार, अशी स्थिती होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे चरित्र आमच्या वाचकांस परिचित असेलच. ज्यांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविली, त्या बुवांना ती विद्या मिळविण्यासाठी तरुणपणी गावोगाव हिंडावे लागले. धारेस देवजीबुवा परांजपे यांच्या घरी पडेल ते काम करून राहिले, तेथून बाहेर पडावे लागले. ग्वाल्हेरास वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे गेले, तेथेही प्रथम दार उघडले नाही. पुढे त्याच वासुदेवबुवांची आणि त्यांची गाठ पडली ती आमच्या या काशीत, आणि येथे त्यांचा अंगीकार झाला, असे सांगतात. ग्वाल्हेर घाट आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याच्या पायऱ्या उतरताना तो दारोदार फिरणारा तरुण आमच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याला कोणी तारीख दिली नव्हती. आज, उद्या, की कधीच नाही, हे सर्वस्वी दुसऱ्याच्या मनावर होते.

त्या प्रतीक्षेचे गोडवे गाणारे लोक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. गुरू शिष्याची कसोटी पाहत असे, त्याचा अहंकार गाळून घेत असे, पाणी भरताना व पाय चेपतानाही विद्या कानांवर पडत असे, असे ते म्हणतात. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? भीमसेन जोशी १९३३ साली गुरूच्या शोधात घरातून निघून गेले, उत्तरेत फिरले, आणि पुढे सवाई गंधर्वांच्या घरी आधी घरकाम व मग गाणे, या क्रमाने शिकले. त्या तपाचे फळ साऱ्या देशाने ऐकले. परंतु जे दारात उभे राहिले आणि ज्यांना आत घेतलेच नाही, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. शिवाय रात्री-अपरात्री घर सोडून जाण्याची मुभा मुलग्याला होती. मुलीने कोणाच्या दारात जाऊन उभे राहावे?

याच प्रश्नाचे उत्तर दोन मराठी माणसांनी आपापल्या परीने दिले, आणि दोघांनीही ते महाराष्ट्राबाहेर दिले, हे परप्रांती राहणाऱ्या आम्हा मंडळींना विशेष वाटते. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ च्या मे महिन्यात लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. तेथे वर्ग होते, अभ्यासक्रम होता, वेळापत्रक होते, परीक्षा होत्या. दुसरे विष्णु नारायण भातखंडे. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या गृहस्थाने घराण्यांच्या पेटीत बंद असलेल्या चिजा मिळवून, स्वरलिपीत मांडून, छापून सर्वांपुढे ठेवल्या. १९१९ साली त्यांच्या प्रयत्नाने भरत असलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेचे अधिवेशन येथे काशीत झाले, आणि १९२६ साली लखनौस संगीताचे महाविद्यालय निघाले. आज ते त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. या दोघांची मते पुष्कळ ठिकाणी जुळत नव्हती. पण एक गोष्ट दोघांनीही केली: विद्येच्या दारावर त्यांनी वेळ लिहिली. दार अमुक तारखेस उघडेल, अमुक तारखेस परीक्षा होईल, अमुक तारखेस निकाल कळेल.

पलुस्करांचे शिष्य पंडित ओंकारनाथ ठाकूर १९५० साली काशी हिंदू विश्वविद्यालयात आले आणि तेथील संगीत महाविद्यालयाचे पहिले प्रमुख झाले. बाळकृष्णबुवांची परंपरा अशा रीतीने तिसऱ्या पिढीत पुन्हा काशीस आली. या वेळी मात्र तिच्या हातात प्रवेशाचा अर्ज होता.

तो अर्ज आमच्या घरी तेव्हाही आला होता. आमच्या आत्याबाई त्या वेळी सतरा वर्षांच्या होत्या. बालाजीच्या मंदिरात बिस्मिल्ला खाँसाहेबांचा रियाज चाले. पहाटे ती शहनाई ऐकून आत्याबाई तेच सूर चुलीपाशी बसून गुणगुणत. कोणी शिकविले नव्हते, पण गळा स्वच्छ होता. कोणा चुलतभावाने विश्वविद्यालयातून अर्ज आणून दिला. आत्याबाईंनी तो घरातील वडीलधाऱ्यांपुढे ठेवला. वैदिकांचे घर, पण त्यांच्यावर कोणी रागावले नाही. वडील मंडळी एवढेच म्हणाली, "विचार करून सांगू."

तो विचार पुढे कधीच पुरा झाला नाही. त्या वर्षाची मुदत गेली, दुसऱ्या वर्षाची गेली. मग लग्न झाले. काही वर्षांनी वैधव्य आले आणि आत्याबाई पुन्हा दुर्गाघाटावर आल्या, त्या अखेरपर्यंत येथेच राहिल्या. कार्तिकात काकडआरतीला त्यांचा आवाज पंचगंगेपर्यंत जाई. आमच्या नातीच्या गळ्यात पहिला षड्ज त्यांनीच बसविला. ऐंशी उलटल्यावर एकदा त्या आम्हांस सहज म्हणाल्या, "अरे, त्यांनी नाही म्हटले असते ना, तर मी दोन दिवस रडले असते आणि मग दुसरा काही मार्ग पाहिला असता. मी तर बसूनच राहिले." पुढे खैरागडच्या संगीत विश्वविद्यालयाच्या कुलगुरू झालेल्या प्रेमलता शर्मा त्याच काळात ओंकारनाथजींपाशी येथे शिकत होत्या. आत्याबाईंना तितकी थोरवी आली असती असे आमचे म्हणणे नाही. त्यांना वर्गातून नापास होऊन परत येण्याची संधी मिळाली असती, एवढीच गोष्ट आम्हांस मोलाची वाटते.

म्हणून या पावसाळ्यात नात यादीसाठी तळमळत होती, तेव्हा तिची कीव करावी असे आम्हांस वाटेना. यादी कठोर असते, हे खरे. तिला गळ्यातला हळवेपणा कळत नाही, पहाटेचा रियाज दिसत नाही. दोन गुणांच्या फरकाने ती एकाला आत घेते व दुसऱ्याला बाहेर ठेवते. परंतु यादी कोणाचे कूळ विचारीत नाही, घरची परवानगी मागत नाही, आणि मुख्य म्हणजे ती उत्तर देते. ज्या प्रतीक्षेला तारीख आहे, ती माणसाचा जीव खाते, पण जन्म खात नाही.

याचा प्रत्यय लवकरच आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणारे एक गृहस्थ राहतात. त्यांची मुलगी सतार वाजविते. तिने व आमच्या नातीने एकाच दिवशी, एकाच ओट्यावर बसून अर्ज भरले होते. पहिल्या यादीत दोघींचीही नावे नव्हती. दुसरीत आमच्या नातीचे नाव लागले. सौभाग्यवतींनी पेढे मागविले, पण नात म्हणाली, "आजी, तिसरी यादी लागेपर्यंत पेढे नकोत." तिसरी यादी लागली. तीत त्या मुलीचे नाव नव्हते. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे येऊन माजघरात पुष्कळ रडली. नातही तिच्याबरोबर रडली. चौथ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली ती लखनौच्या भातखंडे विद्यापीठाची माहिती घेऊन. तेथे वसतिगृहाचा खर्च किती येतो, हे आमच्या चिरंजिवांनी तिला मांडून दाखविले. तिच्या वडिलांनी दोन दिवस मागितले. आम्ही मध्ये पडून त्यांना एवढेच म्हटले, की दोन म्हणजे दोनच. तिसऱ्या दिवशी ते स्वतः सांगायला आले, "जाऊ दे तिला." पेढे त्या दिवशी वाटले.

पुढे विश्वविद्यालयात नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने या उपक्रमाला 'दीक्षारंभ' असे नाव दिले आहे. पूर्वी दीक्षा म्हटली की गुरू शिष्याच्या मनगटाला गंडा बांधी; आता मोठ्या प्रेक्षागृहात सर्वांना एकदमच दीक्षा मिळते. पालकांनाही यावयाचे होते, म्हणून आम्ही गेलो. प्रेक्षागृहाला ओंकारनाथजींचेच नाव आहे. मालवीयजींच्या प्रतिमेला हार घातला गेला. शांतिस्वरूप भटनागर या रसायनशास्त्रज्ञाने रचलेले कुलगीत झाले. आमच्या शेजारी खांद्यावर गमछा टाकलेले बिहारकडचे एक शेतकरी बसले होते. मुलगा तबल्याला लागला होता. पलीकडे एक बाई एकट्याच आल्या होत्या, त्यांची मुलगी कथकाला. तास कोठे, ग्रंथालय केव्हा उघडते, परीक्षा कोणत्या महिन्यात, असे सर्व रीतसर सांगण्यात आले. ते गृहस्थ प्रत्येक वाक्यावर मान डोलावीत होते, जणू बंदिशच ऐकत आहेत. आम्हांलाही ते भाषण गोड लागले.

बाहेर आल्यावर नातीने वेळापत्रक आमच्या हाती दिले. सकाळी पहिला तास. म्हणजे दुर्गाघाटाच्या पायऱ्या चढून मैदागिनपर्यंत चालावयाचे आणि तेथून रिक्षा धरून गावाच्या दुसऱ्या टोकाला लंकेस पोचावयाचे. नात म्हणाली, "आजोबा, पहाटेचा रियाज आता चारला सुरू करावा लागेल. शेजारी ओरडतील." आम्ही म्हटले, "ओरडू देत. आत्याबाईंच्या काकडआरतीला कोण ओरडत होते?" मग परीक्षेच्या महिन्याखाली तिने पेन्सिलीने एक रेघ ओढली, कागदाची घडी घातली आणि तंबोऱ्याच्या गवसणीच्या खिशात ठेवली.