आधी माकिओका वाचा

मराठी घरात जपान पहिल्यांदा येतो तो बहुधा ‘तोत्तोचान’चा हात धरून. तेत्सुको कुरोयानागींच्या शाळेच्या त्या आठवणी चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणल्या आणि कितीतरी शिक्षकांनी, आयांनी त्या उराशी धरल्या. शिरीष पै यांच्यामुळे हायकूही आपलासा झाला. कादंबरीला मात्र इंग्रजीचं दार लागतं. माझ्याकडे ती कॉलेजच्या ग्रंथालयातून आली, यासुनारी कावाबातांची ‘स्नो कंट्री’. बर्फाच्या मुलखातलं गरम झऱ्यांचं गाव, तिथली गेइशा कोमाको, आणि टोक्योहून अधूनमधून येणारा, कशातच पुरता न गुंतणारा शिमामुरा. मी भारावून गेले. जपानी कादंबरी म्हणजे अशीच असणार, तरल, कमी बोलणारी, असं तेव्हा सगळेच म्हणत.

असं सगळे का म्हणत, हे पुढे कळलं. न्यूयॉर्कच्या क्नॉफ प्रकाशनाचे संपादक हॅरल्ड स्ट्राउस यांनी १९५५ पासून जपानी कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद सातत्याने काढले. तानिझाकी, कावाबाता, मिशिमा ही नावं जगभर गेली त्यामागे ही निवड होती. एडवर्ड साइडेनस्टिकर आणि डोनाल्ड कीन हे त्या काळातले दोन मोठे अनुवादक. दोघेही दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या भाषाशाळेत जपानी शिकले होते. शत्रूचे कागद वाचण्यासाठी शिकलेली भाषा त्यांनी जन्मभर त्याच देशाच्या साहित्यासाठी वापरली, याचं मला फार अप्रूप वाटतं. कावाबातांना १९६८ साली नोबेल मिळालं, त्यात साइडेनस्टिकरच्या अनुवादांचा वाटा मोठा होता. पण कुणीतरी निवडतं म्हणजे बरंच काही मागेही ठेवतं. परक्या वाचकाला जे सुंदर आणि दूरचं वाटेल ते पुढे आलं, आणि तेवढंच जपान आहे असं आपल्याला वाटत राहिलं.

माझ्यापुरता हा समज मोडला तो माझ्याच लग्नाच्या खटपटीच्या काळात. घरात स्थळं येत होती, पत्रिका जुळत होत्या, न जुळत होत्या, आई नकार कळवण्यासाठी शब्द शोधत होती. बँकेतल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी जुनं, जाडजूड पुस्तक हाती ठेवलं. म्हणाल्या, “हे वाच. तुझ्याच घरात घडतंय.” जुनिचिरो तानिझाकींची ‘द माकिओका सिस्टर्स’, साइडेनस्टिकर यांचा १९५७ सालचा अनुवाद.

ओसाकातलं एक जुनं व्यापारी घराणं. वैभव ओसरलेलं, तोरा शिल्लक. चार बहिणी. थोरल्या दोघींची लग्नं झालेली, तिसरी युकिको तिशीला आलेली, आणि तिचं जमल्याशिवाय धाकट्या ताएकोचं करता येत नाही. सगळ्या कादंबरीभर युकिकोसाठी स्थळं येतात. मध्यस्थ येतात, दोन्हीकडून गुपचूप चौकशा होतात, मुलाच्या आईच्या आजारपणापर्यंत शोध घेतला जातो. हॉटेलात जेवणाच्या निमित्ताने मुलगी दाखवली जाते, आणि तिच्या डोळ्याच्या वर कधी उमटणारा, कधी मावळणारा एक पुसटसा डाग त्या दिवशी दिसेल की नाही याची बहिणींना धास्ती. धाकटीच्या एका प्रेमप्रकरणाची बातमी पेपरात येते, तीही चुकून युकिकोच्या नावाने. मला यातलं काहीच परकं वाटलं नाही. आमच्याकडे कांदेपोहे होते, एवढाच फरक.

आणि तरी हे केवळ लग्नाचं पुस्तक नाही. कथा १९३६ ते १९४१ या वर्षांत घडते. चीनमध्ये युद्ध चालू आहे, ते पानांच्या कडेकडेने सरकत राहतं. १९३८ साली कोबे परिसरात आलेल्या महापुराचं वर्णन श्वास रोखून वाचावं असं आहे. लेखनाची हकीकतही ऐकण्यासारखी. १९४३ साली ‘चूओ कोरोन’ मासिकात ही कादंबरी सुरू झाली आणि लष्कराने ती बंद पाडली. देश युद्धात असताना बायकांच्या कपड्यांविषयी, नाटकं आणि फुलं बघायला जाण्याविषयी काय लिहिता, असा आक्षेप. तानिझाकी लिहीत राहिले. पहिला भाग त्यांनी स्वतः छापून स्नेह्यांना वाटला, आणि संपूर्ण कादंबरी युद्धानंतर बाहेर आली. घरातल्या बारीकसारीक गोष्टी लिहीत राहणं हेही धैर्याचं काम असू शकतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. शेवट तर असा आहे की तरलतेची अपेक्षा ठेवणारा वाचक दचकतोच. युकिकोचं अखेर ठरतं, ती लग्नासाठी टोक्योच्या गाडीत बसते, आणि तिचं पोट बिघडलेलं आहे, ते गाडीतही थांबत नाही. एवढंच सांगून तानिझाकी थांबतात.

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा ही प्रत माझ्याबरोबर आली. सासूबाई इंग्रजी सहज वाचत. त्यांनी दुपारच्या निवांत वेळात वाचून काढली आणि मग कितीतरी दिवस जेवताना आम्ही दोघी युकिकोबद्दल बोलत होतो. ही मुलगी मुकी नाही, ‘नाही’ म्हणायची तिची ती रीत आहे, हे सासूबाईंचं म्हणणं मला अजून पटतं. नणंदेने वाचली, पुढे तिच्या मुलीने. प्रत आता खिळखिळी झाली आहे.

ज्यांना माकिओका आवडते त्यांच्या हाती मी मासुजी इबुसेंची ‘ब्लॅक रेन’ देते. १९६५-६६ मधली ही कादंबरी जॉन बेस्टर यांनी इंग्रजीत आणली. इथेही लग्न जमवायचंच आहे. यासुकोला स्थळं येतात आणि मोडतात, कारण बाँब पडला त्या दिवशी ती हिरोशिमात होती अशी कुजबुज आहे. ती निरोगी आहे हे पटवण्यासाठी तिचे मामा त्या दिवसांच्या डायऱ्या उतरवून काढायला बसतात, आणि त्या उतरवता उतरवता ते शहर आपल्यासमोर उभं राहतं. अणुबाँबवर मी बरंच वाचलं आहे. पण लग्नाच्या चौकशीतून तिथवर नेणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

नात्सुमे सोसेकींची ‘कोकोरो’ मी बाबांच्या शेवटच्या आजारपणात वाचली. सोसेकी १८६७ चे, आपले हरिभाऊ आपटे १८६४ चे. दोघांनीही नव्या शिक्षणाने जुन्या घरात काय उलथापालथ केली ते पाहिलं आणि नियतकालिकांतून क्रमशः लिहिलं. ‘कोकोरो’ १९१४ साली ‘असाही’ वृत्तपत्रात आली. तिच्या मधल्या भागात गावी वडील मरणाला टेकलेले असताना मुलगा दुसऱ्याच एका माणसाचं पत्र घेऊन टोक्योची गाडी पकडतो. मी बाबांच्या उशाशी बसून ते पान वाचलं. त्या मुलाला दोष द्यावा की समजून घ्यावं, हे सोसेकी सांगत नाहीत आणि मलाही ठरवता आलेलं नाही. तरुणांनी ही कादंबरी जरूर वाचावी, पण घरात आजारपण असेल तर मी ती पुढे करत नाही. शिफारस करताना पुस्तकाइतकाच समोरचा माणूसही पाहावा लागतो.

गणिताच्या निवृत्त शिक्षकांना मी योको ओगावांची ‘द हाउसकीपर अँड द प्रोफेसर’ देते. अपघातानंतर प्रोफेसरांची स्मृती ऐंशी मिनिटांचीच उरली आहे, कोटाला जागोजाग चिठ्ठ्या टाचलेल्या आहेत. रोज सकाळी दारात येणारी मोलकरीण त्यांना नवीच. तिच्याशी आणि तिच्या मुलाशी ते २२० आणि २८४ या मित्रसंख्यांबद्दल बोलतात, २८ या परिपूर्ण संख्येबद्दल बोलतात. कापरेकरांच्या ६१७४ वर प्रेम करणाऱ्या एका सरांनी ती एका रात्रीत संपवली आणि सकाळीच फोन केला. स्टीफन स्नायडर यांचा अनुवाद स्वच्छ आहे.

हल्ली पुस्तकांच्या दुकानात जपानी पुस्तकांचं टेबलच वेगळं मांडलेलं असतं. मुखपृष्ठांवर मांजरं, कॉफीची दुकानं, जुनी पुस्तकं. भाचरं ती आवडीने वाचतात, दमलेल्या मनाला ती निववतात, आणि वाचणाऱ्याला मी कधी अडवत नाही. काळजी एवढीच वाटते, की पन्नासच्या दशकात झालं तसंच पुन्हा होतंय. तेव्हा जपान म्हणजे बर्फ आणि गेइशा, आता जपान म्हणजे मांजर आणि दिलासा. म्हणून मी मुलांना सायाका मुराता देते, ‘कन्व्हीनियन्स स्टोअर वुमन’. तिच्यातही दुकान आहे, पण तिथे काम करणारी केइको लग्न, करिअर यांतल्या कुठल्याच साच्यात बसायला तयार नाही. आणि हिगुची इचियो देते. यौवनात क्षयाने गेलेली ही लेखिका योशिवारा या वेश्यावस्तीजवळ छोटंसं दुकान चालवायची. त्याच गल्ल्यांत खेळणाऱ्या मुलांची आणि मिदोरी या मुलीची गोष्ट तिने लिहिली. मिदोरी मोठी झाल्यावर तिचं काय होणार हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १८९६ साली इचियो वारली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

हे सगळं मी इंग्रजीतून वाचलं आणि इंग्रजीतूनच दुसऱ्यांना देत आले. सासूबाईंना ते जमलं, माझ्या आईला जमलं नसतं. युकिकोची गोष्ट जिला सगळ्यांत आधी कळली असती, तिच्यापर्यंत ती पोचलीच नाही. पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुलंमुली जपानी शिकत आली आहेत. कंपन्यांत दुभाषे म्हणून उत्तम काम करतात, यंत्रांची माहितीपुस्तकं भाषांतरित करतात. त्यांना माझी विनंती आहे, संध्याकाळचा थोडा वेळ कादंबरीला द्या. इचियोची भाषा जुन्या वळणाची, तिला वेळ लागेल. सोसेकींपासून सुरुवात करा. ते १९१६ साली गेले, प्रताधिकाराची अडचण नाही. थेट जपानीतून मराठीत, मध्ये इंग्रजी नको.