उभे राहण्याची जागा आणि चित्रवर्तुळ : वाशिमच्या वास्तूंसाठी लेन्सची निवड

रिळाऐवजी ४ × ५ इंच किंवा त्याहून मोठ्या सुट्या शीट फिल्मवर चित्र घेणारा कॅमेरा रचनेने अत्यंत साधा असतो. पुढच्या चौकटीत लेन्स, मागच्या चौकटीत घासलेली काच आणि या दोहोंना जोडणारा कापडी किंवा चामडी बेलोज एवढेच त्याचे घटक होत, आणि घासलेल्या काचेवर उलटे उमटलेले चित्र काळ्या कापडाखाली पाहून झाले की त्याच जागी फिल्मचा होल्डर सरकवला जातो. अशा कॅमेऱ्याला स्वतःची ठरलेली लेन्स नसल्याने ती निवडण्याचे काम छायाचित्रकारावर येते, आणि छायाचित्रणाच्या पुस्तकांत या निवडीची सुरुवात बहुधा नाभीय अंतरापासून, म्हणजे दूरच्या वस्तूवर फोकस केला असता लेन्स व फिल्म यांच्यात राहणाऱ्या अंतरापासून, केलेली आढळते. ४ × ५ इंची फिल्मचा कर्ण सुमारे १५३ मिलिमीटर भरतो, म्हणून १५० मिलिमीटरची लेन्स ‘नॉर्मल’ मानावी, तिच्याहून आखूड ती वाइड आणि लांब ती लाँग, अशी ती मांडणी असते. वाशिम जिल्ह्यातील वास्तूंची छायाचित्रे घेताना प्रस्तुत लेखकास आलेल्या अनुभवावरून मात्र हा क्रम उलटा करावा लागतो, कारण तेथे आधी उभे राहण्याची जागा, मग लेन्सचे चित्रवर्तुळ आणि सर्वांत शेवटी नाभीय अंतर असाच विचार उपयोगी पडतो.

वाशिम हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचे नगर; तथापि आज तेथे कॅमेऱ्यासमोर जे उभे आहे ते प्रामुख्याने उत्तरकालीन आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भवानी काळू यांनी बांधलेले बालाजी मंदिर, पद्मतीर्थाचे कुंड, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कारंजा लाड येथील सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या परंपरांची जुनी जैन मंदिरे, आणि मालेगाव तालुक्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र, ही त्यांतील मुख्य स्थळे होत. ही स्थळे मोकळ्या माळावर नसून नांदत्या वस्तीत आहेत. आवाराच्या भिंती, दुकाने, विजेच्या तारा आणि ये-जा करणारे भाविक यांमुळे मागे सरकण्यास मिळणारी जागा फार थोडी असते आणि ती वाढवणे छायाचित्रकाराच्या हाती नसते.

शिखर चौकटीत यावे म्हणून कॅमेरा वर कलवला, तर देवळाच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि वास्तू मागे पडते आहे असा भास होतो. मोठ्या कॅमेऱ्यात हा दोष टाळता येतो, कारण मागची चौकट काटेकोर उभी ठेवून फक्त पुढची चौकट, अर्थात तिच्यातील लेन्स, वर सरकवता येते आणि शिखर काचेवर येते. परंतु लेन्स जे चित्र मागे टाकते ते मुळात वर्तुळाकार असते आणि त्या वर्तुळाबाहेर केवळ अंधार असतो. या उपयुक्त वर्तुळाच्या व्यासाला येथे चित्रवर्तुळ म्हटले आहे. लेन्स वर सरकली की वर्तुळही तिच्याबरोबर सरकते, आणि ते पुरेसे मोठे नसेल तर फिल्मचे दोन कोपरे काळे राहतात.

हिशेब करून पाहिला म्हणजे ही अट किती कडक आहे ते कळते. १२ मीटर उंचीची वास्तू १० मीटर अंतरावर आहे, लेन्स जमिनीपासून दीड मीटर उंच आहे आणि नाभीय अंतर ९० मिलिमीटर आहे असे धरल्यास कळस लेन्सच्या अक्षापासून साडेदहा मीटर वर असतो, म्हणून त्याची प्रतिमा अक्षापासून सुमारे ९५ मिलिमीटरवर पडते. उभ्या धरलेल्या फिल्मची अर्धी उंची ६० मिलिमीटर असल्याने लेन्स निदान ३५ मिलिमीटर वर सरकवावी लागते, आणि दूरचा कोपरा उजळण्यासाठी सुमारे २१२ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ लागते. श्नायडर कंपनीची जुनी ९० मिलिमीटरची अँग्युलॉन वजनाने हलकी व बाजारात स्वस्त असली, तरी तिचे वर्तुळ साधारण १५४ मिलिमीटरचे आहे, म्हणजे ती फिल्म कशीबशी झाकते आणि वर सरकण्यास वाव ठेवत नाही. त्याच कंपनीच्या एफ/८ सुपर अँग्युलॉनचे वर्तुळ एफ/२२ या छिद्रावर २१६ मिलिमीटर, तर निकॉनच्या एफ/८ निकॉर एसडब्ल्यूचे २३५ मिलिमीटर भरते. पहिली या कामाला जेमतेम पुरते, दुसरी थोडा श्वास घेऊ देते. नाभीय अंतर तिन्ही लेन्सचे एकच आहे, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक बोधक आहे. तीच वास्तू फिल्मवर त्याच आकाराची व त्याच जागी हवी असेल, तर १५० मिलिमीटरच्या लेन्सलाही तेवढेच २१२ मिलिमीटरचे वर्तुळ लागते. फरक इतकाच की छायाचित्रकाराला १० ऐवजी जवळजवळ १७ मीटर दूर जावे लागते. हे सात मीटर बहुतेक देवळांच्या आवारात मिळत नाहीत, आणि मिळाले तरी १५० मिलिमीटरच्या सिमार-एसचे २१० मिलिमीटरचे वर्तुळ केसभर कमी पडते. म्हणून लेन्स विकत घेण्यापूर्वी जागेवर जाऊन पाहणे हाच खरा उपाय ठरतो. त्यासाठी प्रस्तुत लेखकाने पुठ्ठ्यात फिल्मच्या मापाची, म्हणजे ९५ × १२० मिलिमीटरची, खिडकी कापून तिला दोरा बांधला आणि दोऱ्यावर ९०, १५० व २१० मिलिमीटरवर गाठी मारल्या. गाठ डोळ्याजवळ धरून पुठ्ठा सरळ समोर धरला की त्या लेन्सला काय दिसेल ते खिडकीतून दिसते, आणि खिडकी डोळ्याच्या पातळीपेक्षा किती वर न्यावी लागली हे पट्टीने मोजले की लेन्स किती सरकवावी लागेल तेही कळते. वाशिम शहरात ९० ची गाठ इतक्या वेळा उपयोगी पडली की १५० मिलिमीटरची लेन्स, जी प्रत्येक पुस्तक पहिली म्हणून सुचवते, वाशिमसाठीच्या लेन्सच्या संचातून वगळणेच योग्य वाटले.

वाइड लेन्सबरोबर दोन अडचणी येतात. पहिली घासलेल्या काचेवरील उजेडाची. एफ/५.६ ची लेन्स एफ/८ च्या दुप्पट प्रकाश आत घेते, त्यामुळे अंधाऱ्या मंडपात फोकस करणे सोपे जाते, पण ती बरीच जड असते आणि सुपर अँग्युलॉनच्या बाबतीत फिल्टरचा व्यास ६७ वरून ८२ मिलिमीटरवर जातो. दुसरी अडचण कडेच्या काळसरपणाची. वर्तुळाच्या परिघाकडे प्रकाश तिरपा पडत असल्याने तो केंद्राच्या मानाने पावपटीच्या आसपास उरतो, आणि तो समतोल करण्यासाठी मध्यभागी गडद असलेला सेंटर फिल्टर वापरण्याची शिफारस केली जाते. वऱ्हाडातील उन्हात हा फिल्टर नेहमी आवश्यक नाही, असे येथे आग्रहाने म्हणावेसे वाटते. लेन्स वर सरकवलेली असताना वर्तुळाची मंद कड नेमकी आकाशाच्या वाट्याला येते आणि केंद्राकडचा भरपूर उजेड पायथ्याकडच्या भागाला मिळतो. मार्च-एप्रिलमधील दुपारचे पांढरेफटक आकाश त्यामुळे आपोआप एक छटा खाली उतरते व शिखराची कड सुटी दिसते. जो गुण यंत्रशास्त्राच्या दृष्टीने उणीव ठरतो, तो येथे चित्राला सरळसरळ उपकारक होतो.

कारंज्याच्या लाकडी कोरीवकामापाशी प्रश्नाचे स्वरूपच बदलते. तेथे उंचीऐवजी जवळीक महत्त्वाची असते, आणि वस्तू जवळ आली की फोकससाठी बेलोज लांबवावा लागतो. २१० मिलिमीटरच्या लेन्सने कोरीव पानाफुलांचा तुकडा निम्म्या आकारात घ्यायचा तर लेन्स फिल्मपासून ३१५ मिलिमीटरवर न्यावी लागते. अंतर दीडपट झाल्याने प्रकाश सव्वादोन पटींनी विरळ होतो आणि तेवढे एक्स्पोजर वाढवणे भाग पडते, पण त्याच वेळी चित्रवर्तुळही दीडपट मोठे होते. यामुळे दूरच्या दृश्यात अपुरी ठरणारी साधी टेसर जातीची लेन्स, म्हणजे १९०२ साली पॉल रुडोल्फ यांनी त्साइस कंपनीत सिद्ध केलेली चार भिंगांची रचना, येथे महागड्या लेन्सइतकेच काम देते. लाकडाच्या रेषा, तेलाने काळवंडलेले कंगोरे आणि छिन्नीच्या खुणा ज्या मायेने ती उतरवते, ती पाहिल्यावर अधिक खर्च करण्याचे कारण उरत नाही.

जुन्या लेन्सचा विचार करताना भिंगांवरील लेपाकडेही लक्ष द्यावे लागते. लेप नसलेल्या काचेचा हवेला लागून असलेला प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार ते पाच टक्के प्रकाश परत फेकतो, आणि हा भटका प्रकाश सावल्या पांढुरक्या करतो. परावर्तन रोखणारा लेप अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये त्साइसमध्येच विकसित केला. तथापि त्यापूर्वीची डागोर ही लेन्स सहा भिंगांची असूनही दोन गटांत चिकटवलेली, म्हणून हवेला लागणारे चारच पृष्ठभाग असलेली आहे, आणि ती लेपाविनाही उन्हात टिकते. चिकटवलेल्या जोडातील कॅनडा बाल्सम उष्णतेने सुटले आहे काय आणि पावसाळ्यातील बुरशीने काचेवर जाळे धरले आहे काय, हे दोन दोष लेन्स उजेडासमोर तिरपी धरून तपासलेच पाहिजेत, कारण बुरशीने काच खाल्ली असेल तर ती पुसून जात नाही.

लेन्सइतकाच कॅमेराही निर्णयात भाग घेतो. केरळमधील आलप्पुळा येथे के. करुणाकरन यांनी बनवलेले ‘वागीश्वरी’ हे सागवानी व पितळी फील्ड कॅमेरे एके काळी भारतभरच्या स्टुडिओंत वापरले जात. अशा लाकडी कॅमेऱ्यांचा बेलोज लांब लेन्ससाठी घडवलेला असल्याने ९० मिलिमीटरपर्यंत मिटताना तो आवळतो आणि पुढची चौकट हवी तितकी वर जाऊ देत नाही, मग चित्रवर्तुळ कितीही मोठे असले तरी ते वाया जाते. यावर लेन्स आत बसवणारा खोलगट लेन्सबोर्ड किंवा सैल, पिशवीच्या आकाराचा बेलोज हे दोन उपाय आहेत. त्यांपैकी दुसराच समाधानकारक आहे, कारण खोलगट बोर्डात शटरची कळ व छिद्राचा दांडा बोटांना नीट सापडत नाहीत. सपाट लेन्सबोर्ड मात्र लेथ असलेल्या कोणत्याही कारागिराकडून करून घेता येतो. कोपाल शून्य क्रमांकाच्या शटरला ३४.६ आणि एक क्रमांकाच्या शटरला ४१.६ मिलिमीटरचे भोक लागते, आणि ही मापे कागदावर लिहून दिली की काम बिनचूक होते.