खंडेनवमीचा हात

माणला संध्याकाळ आधी काचांवर उतरते, मग शेतांवर. हिंजवडी आयटी पार्कच्या फेज तीनच्या इमारती केशरी होऊन उभ्या राहतात, त्यांच्या पायथ्याशी उरल्यासुरल्या भातखाचरांच्या पाण्यात तोच रंग मोडून पुन्हा जुळत असतो, मेट्रोच्या डेपोवरून एखादा बगळा आळसावून ओढ्याकडे वळतो, आणि त्या उतरत्या उजेडात समोरच्या ओट्यावर बसलेल्या भाऊंचा उजवा पंजा क्षणभर चकाकतो, घरघरतो, बोटं मिटतात आणि चहाचा कप उचलला जातो.

थेंबही सांडत नाही.

भाऊ चाकणला प्रेसवर होते. तिथेच हात गेला, कोपराखाली वीतभर उरला. त्या उरलेल्या मांसाला अजून सगळं पाठ आहे: पाना धरायचा म्हटलं की स्नायू आवळतात, आवळताना त्यांच्यात मिलिव्होल्टच्या हिशोबातली वीज उठते, कातडीला टेकलेले सेन्सर ती टिपतात आणि कृत्रिम पंजाची मोटर बोटं मिटवते. एप्रिलच्या उन्हात सॉकेटमध्ये घाम साचला की सेन्सर बावचळतात, नको तेव्हा मूठ उघडते. "आज ऐकत नाही," भाऊ म्हणतात, हट्टी बैलाबद्दल बोलावं तसं.

पण त्यांच्या बोलण्यात जास्त येतो तो दुसराच हात. गेलेला. त्याची करंगळी रात्री खाजते. दाढी करताना गालावर ब्लेड फिरलं की नसलेल्या अंगठ्याला गार लागतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जखमींवर उपचार केलेल्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी १८७१ मध्येच अशा भुतासारख्या मागे राहिलेल्या अवयवांबद्दल लिहिलं होतं. मेंदूच्या नकाशात चेहऱ्याचा मुलूख हाताच्या मुलखाला लागून आहे. हाताकडून बातमी येईनाशी झाली की चेहरा त्या ओस जमिनीत शिरतो, असं पुढे मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांनी मांडलं. माणच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागू नये. इथली म्हातारी माणसं अजून, डांबरी रस्त्यावरसुद्धा, जिथे पूर्वी बांध होता तिथूनच वळतात.

कायद्याकडे मात्र नकाशा नसतो, कोष्टक असतं. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची कुवत ३० टक्क्यांनी गेली असं धरत. अख्ख्या तर्जनीला १४, करंगळीला ७. मध्यरात्री ते सात टक्के खाजू लागले की कुठे खाजवायचं, याची सोय त्यात नाही.

ऋग्वेदातल्या विश्पलेचा पाय लढाईत तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला रातोरात धातूचा पाय दिला. पुण्यातलं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, महायुद्धाच्या धामधुमीपासून, तेच काम करत आलं आहे. आणि आमच्या शेजारी, हिंजवडीच्या म्हातोबाच्या यात्रेत, चैत्री पौर्णिमेला गळकऱ्याच्या पाठीत गळ टोचून त्याला बगाडावर चढवतात. धातूची आणि मांसाची ओळख या मुलखात जुनी आहे. पण पहाटेच्या गारठ्यात तुला जुना पाय दुखतो का गं, असं विश्पलेला कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. मला ते विचारावंसं वाटतं.

भाऊंना उजवीकडे दोन हात आहेत. एक दिसतो, पण त्याला काही लागत नाही. दुसऱ्याला सगळं लागतं, पण तो दिसत नाही. सकाळी वहिनी सॉकेट चढवायला मदत करतात, तेव्हा तो न दिसणारा हात सावकाश, बोटाबोटाने, पंजात उतरतो आणि रात्रभर वळून राहिलेली मूठ सुटते, असं भाऊ सांगतात. माणूस आणि यंत्र एक होणार म्हणून फेज तीनमधली पोरं उत्साहाने बोलत असतात (खिशात फोन नसतानाही यांच्या मांडीला थरथर जाणवते, ते वेगळंच), तेव्हा मला ती सुटणारी मूठ आठवते. यंत्र तिथे पाहुणं म्हणून आलं, तर घरात आधीपासून कोणीतरी राहत होतं. आणि त्यानेच दार उघडलं.

गेल्या खंडेनवमीला वहिनींनी पाट मांडला. विळी, कोयता, पाना, मुलाचा लॅपटॉप, प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल. मग भाऊंच्या पंजाकडे बघत म्हणाल्या, "अहो, तोही ठेवा की पाटावर."

भाऊंनी पंजात पेटलेली उदबत्ती धरली होती. "हा ठेवला तर ओवाळू कशाने? डाव्याने?"

वहिनी थबकल्या. मग वाकून त्यांनी कुंकवाचं बोट त्या पंजाला टेकवलंच.

"अगं, सांध्यात कुंकू जाऊ देऊ नको," भाऊ ओरडले, "मोटर अडकते!"