जॅक्सनच्या वाड्यात

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरापासून अर्ध्या तासाच्या आत 'हर्मिटेज' लागतं. अमेरिकेचा सातवा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन याचा हा वाडा. समोर पांढरे उंच खांब, आत शिरताच गोलाकार वर चढत जाणारा जिना, आणि भिंतींवर फ्रान्सहून मागवलेला चित्रांचा कागद. त्यावर टेलेमॅकसची ग्रीक कथा रंगवलेली आहे. हरवलेल्या बापाच्या शोधात मुलगा समुद्र पालथा घालतो, ती. मी त्या चित्रांसमोर बराच वेळ थबकलो, कारण या घराच्या मालकानं आपला बाप कधी पाहिलाच नव्हता. जॅक्सनच्या जन्माच्या थोडं आधीच बाप गेला. चौदाव्या वर्षी आईही गेली. स्वातंत्र्ययुद्धात पकडलेल्या या पोरानं ब्रिटिश अधिकाऱ्याचे बूट पुसायला नकार दिला, तेव्हा तलवारीचा वार झाला. त्याचा व्रण जन्मभर राहिला.

त्याच्याआधीचे सहाही अध्यक्ष व्हर्जिनिया नाहीतर मॅसॅच्युसेट्सचे, घरचे मोठे किंवा शिकलेले. 1829 साली हा जंगलपट्ट्यातला अनाथ मुलगा अध्यक्ष झाला, तेव्हा चिखलाच्या बुटांनिशी माणसांची झुंड व्हाइट हाउसमध्ये घुसली. आपला माणूस आला, असं त्यांना मनापासून वाटत होतं. हे प्रेम खोटं नव्हतं आणि ते आजही ओसरलेलं नाही. माझ्या गटातल्या एका वयस्कर गृहस्थांनी थडग्यापाशी पोचताच टोपी काढली.

ते थडगं बागेच्या कोपऱ्यात आहे. ग्रीक देवळासारखे खांब, वर घुमट, खाली जॅक्सन आणि त्याची बायको रेचेल शेजारी शेजारी. नवरा निवडून आल्यावर काही आठवड्यांतच, डिसेंबर 1828 मध्ये, ती वारली. अध्यक्षाची पत्नी म्हणून एक दिवसही तिच्या वाट्याला आला नाही.

पण मला खरा धक्का बसला तो तिथून काही पावलांवर. तिथं आणखी एक दगड आहे, अल्फ्रेडचा. तो या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मला आणि 1901 साली इथंच मेला. दगडावर त्याला जॅक्सनचा 'विश्वासू नोकर' म्हटलंय. गुलाम हा शब्द तिथं नाही. यादवी युद्धानंतर तो मोकळा झाला, तरी याच आवारात राहिला आणि म्हातारपणी येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाडा दाखवायचा. पुण्यात जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा अल्फ्रेड इथं हयात होता. त्या अर्पणपत्रिकेमागची जिवंत माणसं मला त्या दगडापाशी पहिल्यांदा दिसली.

बाकीच्यांना दगडही मिळाला नाही. 1804 साली जॅक्सननं हा मळा घेतला तेव्हा त्याच्याकडे नऊ गुलाम होते. 1845 मध्ये तो मेला तेव्हा सुमारे दीडशे. त्यांच्या दफनभूमीचा पत्ता कितीतरी वर्षं लागत नव्हता. अखेर 2024 च्या डिसेंबरात, निदान 28 थडगी असलेली जागा सापडल्याचं जाहीर झालं. याच मालकानं 1804 मध्ये पळालेल्या गुलामासाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. पकडून देणाऱ्याला 50 डॉलर, आणि त्याला मारलेल्या प्रत्येक 100 फटक्यांमागे 10 डॉलर जास्त, 300 फटक्यांपर्यंत. ज्यानं कोवळ्या वयात तलवारीचा वार सोसला, त्यानंच हा हिशेब मांडावा, हे काही केल्या माझ्या मनात बसत नाही.

आणि हाच माणूस 1813 मध्ये क्रीक या मूळ रहिवासी जमातीशी लढताना, आपल्याच सैन्यानं अनाथ केलेलं एक पोर उचलून घरी पाठवतो. लिंकोया त्याचं नाव. हर्मिटेजमध्ये तो मुलासारखा वाढला आणि 1828 साली क्षयानं गेला. दोनच वर्षांनी, 28 मे 1830 रोजी, जॅक्सननं मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पलीकडे घालवण्याच्या कायद्यावर सही केली.

त्या कायद्यानं कुणाला उठवलं? त्यांतल्या चेरोकी जमातीकडे स्वतःची लिपी होती, 1828 पासून स्वतःचं वर्तमानपत्र होतं, लेखी राज्यघटना होती. 1814 च्या हॉर्सशू बेंडच्या लढाईत ते जॅक्सनच्या बाजूनं लढले होते. पुढे त्यांचा प्रमुख झालेला जॉन रॉसही त्या लढाईत होता. 1835 मध्ये मूठभर लोकांकडून जमीन सोडण्याचा करार करून घेतला गेला. त्याविरुद्ध रॉसनं 15 हजारांवर लोकांच्या सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला नेला. सिनेटनं अवघ्या एका मताच्या जोरावर तो करार मंजूर केला. 1838 मध्ये सैन्यानं माणसं घरांतून ओढून काढली. सुमारे 16 हजार निघाली, त्यांतली 4 हजारांच्या आसपास दगावली असं मानलं जातं. त्यांच्या कितीतरी तुकड्या नॅशव्हिलवरून गेल्या. अध्यक्षपद सोडून आलेला जॅक्सन तेव्हा याच वाड्यात राहत होता.

आज 20 डॉलरच्या नोटेवर तो आहे, 1928 पासून. काही चेरोकी माणसं ती नोट हातात घ्यायचंही टाळतात. तिथं हॅरिएट टबमन या गुलामगिरीतून निसटलेल्या आणि इतरांना सोडवणाऱ्या बाईचं चित्र येणार, असं 2016 मध्ये जाहीर झालं होतं. माझ्या खिशातल्या नोटेवर अजून जॅक्सनच आहे.

टोपी काढणारे गृहस्थ परतताना मला म्हणाले, "तो काळच तसा होता." फार सौजन्यानं म्हणाले. मला ते पटलं नाही. प्रतिनिधिगृहात 1830 चा तो कायदा 102 विरुद्ध 97 मतांनी पार पडला. तीन माणसं इकडची तिकडे झाली असती, तर तो पडला असता. सिनेटमध्ये न्यू जर्सीचा फ्रीलिंगहायसन त्याविरुद्ध कित्येक तास बोलला. बायकांनी सह्यांचे अर्ज पाठवले. आणि टेनेसीचाच, क्रीक युद्धात जॅक्सनच्या फौजेत लढलेला डेव्ही क्रॉकेट विरोधात उभा राहिला. 1831 च्या निवडणुकीत लोकांनी त्याला घरी बसवलं, तरी त्यानं आपलं मत बदललं नाही. तोही त्याच काळातला होता.