बंब, दमकल आणि काकांची वही

आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांच्या तोंडी एकाच वस्तूची दोन नावं असतात. घरात कोथिंबीर, बाजारात हरा धनिया. घरात भोपळा, दारावरच्या भाजीवाल्याकडे कद्दू. आग विझवायला येणाऱ्या लाल गाडीचंही तसंच. घरात ती 'बंब' आणि ओट्यावरून खाली उतरलं की 'दमकल'. त्यातून आमच्या घरात आणखी एक बंब होता, तो न्हाणीघरातला. तांब्याचा, मधल्या नळकांड्यात जळण आणि भोवती पाणी. नरकचतुर्दशीला पहाटे तो पेटला की धूर सबंध वाड्यात. लहानपणी 'बंब आला, बंब आला' अशी हाकाटी झाली की न्हाणीघरातला बंब उठून रस्त्यावर कसा गेला, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं.

पुढे कळलं की दोन्ही बंब एकाच कुळातले. पोर्तुगीज भाषेत पाण्याच्या पंपाला 'बोंबा' म्हणतात आणि आग विझवणाऱ्याला 'बोंबेइरु'. तोच शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरून मराठीत मुरला. तिकडे मलेशियात तर अग्निशमन खात्याचं सरकारी नावच आजही 'बोंबा' आहे. 'दमकल'ची गोष्ट मात्र वेगळी. दम म्हणजे श्वास, कल म्हणजे यंत्र; श्वास घेऊन पाणी फेकणारं यंत्र. मराठीनं पंप पाहिला, हिंदीनं त्याचा श्वास ऐकला.

म्हणींचीही अशीच गंमत आहे. आपण म्हणतो, तहान लागल्यावर विहीर खणायची नसते. हिंदीत तीच म्हण 'आग लगने पर कुआँ खोदना' अशी आहे. विहीर दोघांकडे तीच. आपल्याला तहान आठवली, त्यांना आग. आमच्या धाकट्या काकांना ही हिंदी म्हण फार प्रिय होती. किंबहुना त्यांचं निम्मं आयुष्य त्या म्हणीवरचं भाष्यच होतं म्हणा ना.

काका देवासला शाळामास्तर होते. गाव त्यांना 'मास्साब' म्हणे. पत्ते, तंबाखू, नाटक यांतलं कुठलंही व्यसन नव्हतं. व्यसन एकच, बंबाचं. बंबाची घंटा ऐकू आली की हातातला घास ताटात ठेवून ते सायकलवर बसत. काकू मागून म्हणायची, "अहो, आग तिकडे लागलीय, आपला वरणभात इकडे गार होतोय!" पण काका तोवर चौकाच्या पलीकडे गेलेले असत. सायकलच्या कॅरिअरवर कितीदा तरी मी असे. भाचे-पुतणे पुष्कळ होते. परंतु बंबामागे न रडता जाणारी मी एकटी.

अशा वेड्यांची एक मोठी जमात जगभर आहे, हे मला खूप उशिरा वाचनातून कळलं. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड युवराज असताना लंडनच्या आगी पाहायला जायचा. अग्निशमन दलाचा प्रमुख कॅप्टन शॉ हा त्याचा स्नेही, आणि चॅन्डॉस स्ट्रीटच्या ठाण्यात युवराजांचा गणवेश टांगलेला असे. बॉस्टनचा प्रसिद्ध वाद्यवृंदनायक आर्थर फिडलर याचंही हेच वेड. इंग्रजीत शौकिनाला 'बफ' म्हणतात, तो शब्दसुद्धा न्यूयॉर्कच्या आगीमागे धावणाऱ्या मंडळींवरून आला. तिथल्या जुन्या स्वयंसेवक बंबवाल्यांचे कोट फिकट पिवळ्या, 'बफ' रंगाचे असत. अमेरिकेत अशा शौकिनांची मंडळं आहेत आणि त्यांतली काही मोठ्या आगीच्या जागी जाऊन जवानांना कॉफी नि खाणं पुरवतात. आमच्या काकूला हे कळलं असतं तर ती हसली असती. दमलेल्या बंबवाल्यांना घागरभर ताक पाठवण्याचं काम ती वर्षानुवर्षं कुरकुरत करत आली होती.

आग पाहायला गर्दी कुठेही जमते. काका त्या गर्दीत उभे राहत नसत. ते सरळ ड्रायव्हरच्या खिडकीशी जात आणि त्यांच्या हातात एक वही असे. निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतली दोनशे पानी. तिच्यात आगींची वर्णनं नव्हती. तिच्यात पाणी होतं. गावातल्या प्रत्येक विहिरीची, बावडीची, हौदाची नोंद: कुठल्या गल्लीत, रस्त्यापासून किती पावलांवर, गाडी कुठवर जाते, किल्ली कोणाकडे. आणि दर अक्षय तृतीयेला दोरी टाकून मोजलेलं, पाणी किती हातांवर आहे ते.

हे हातांचं गणित काकांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. लोकांना वाटतं, पंप पाणी ओढतो. तसं नाही. पंप नळीतली हवा काढून टाकतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब कागदावर फार तर दहा मीटरपर्यंत पाणी चढवील. प्रत्यक्षात सातेक मीटरच्या वर भरवसा नाही. सात मीटर म्हणजे पंधरा हात. "पंधरा हातांच्या खाली पाणी गेलं," काका म्हणायचे, "की विहीर भरलेली असो नाहीतर अथांग असो, बंबाच्या दृष्टीनं ती कोरडी." आणि बंबाच्या पोटात पाणी असतं तरी किती? मोठ्या गाडीची टाकी साधारण साडेचार हजार लिटरची. मिनिटाला अठराशे लिटर फेकणारा पंप पूर्ण ताकदीनं चालवला तर अडीच मिनिटांत टाकी रिकामी. नळीचं तोंड लहान ठेवून पुरवून वापरलं तरी तिसऱ्या, चौथ्या गाडीची वाट पाहावीच लागते. देवाससारख्या गावात ती दुसरी-तिसरी गाडी कधी कधी चाळीस किलोमीटरवरच्या इंदूरहून यायची.

देवासचा इतिहासही पाण्याच्या बाबतीत विचित्रच. १७२८ पासून तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंची इथे दोन घराणी. थोरली पाती आणि धाकटी पाती. संस्थानं दोन, राजधानी एकच. गावातल्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका दरबाराकडे, दुसरी दुसऱ्याकडे, आणि दोन्ही बाजूंची दिवाबत्ती वेगळी, पाण्याची सोयही वेगळी. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. काका हसून म्हणत, "ठिणगीला थोरली-धाकटी कळत नाही, ती वाऱ्याची प्रजा."

मग आला १९९० चा उन्हाळा. देवासची तळी एकामागून एक बुजवून त्यांवर घरं आणि कारखाने उठले होते, विहिरी तळाला गेल्या होत्या. आणि या गावाला पिण्याचं पाणी इंदूरहून रेल्वेनं आणावं लागलं. आम्ही सगळे पाण्याच्या गाडीचं कौतुक करत होतो. काका मात्र त्या दिवसांत रात्री नीट झोपत नसत. वहीतल्या त्या वर्षीच्या पानावर एकाखाली एक आकडे आहेत: अठरा हात, एकवीस हात, कोरडी, कोरडी, बुजवली.

माझं सासर धारचं. लग्न ठरलं तेव्हा काकांनी मुलाची नोकरी विचारली नाही, म्हणाले, "धार? वा! साडेबारा तलावांचं गाव." धारची ती ख्याती जुनी आहे. मुंज तलाव, देवीसागर, धूप तलाव अशी नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत. काका पहिल्यांदा माझ्याकडे आले ते किल्ला किंवा भोजशाळा पाहायच्या आधी मुंज तलावाच्या काठानं फिरून आले आणि गाडी पाण्यापर्यंत कुठून उतरेल ते माझ्या सासऱ्यांना सांगत बसले. सासरे चकित झाले. व्याही म्हणून आलेला माणूस तलावाचा उतार मोजतो, हे त्यांना नवीन होतं.

या वहीचा उपयोग झालेला मी एकदा डोळ्यांनी पाहिला आहे. १९८३ चा मे महिना होता. दुपारी अडीचच्या सुमारास आमच्या मागच्या गल्लीतली लाकडाची वखार पेटली. वखारीला लागून जुन्या घरांची ओळ. सागवानी खांब, लाकडी माड्या, आणि एका माडीवर बाळंतीण. बंब आला, दहा मिनिटं पाणी मारलं, आणि नळी एकाएकी ढिली पडली. ड्रायव्हर ओरडला, "मास्साब, टंकी खतम! पानी किधर?" काकांनी वही उघडलीसुद्धा नाही. "गाड़ी पीछे लो. मंदिर के पिछवाड़े बावड़ी है, ग्यारह हाथ पे पानी है." गर्दी हटवून गाडी मागे घेण्यातच पाच-सात मिनिटं गेली. सक्शनचा जाड पाइप बावडीत सोडला, पंपानं श्वास घेतला, आणि निपचित पडलेली नळी फुगत फुगत वखारीकडे निघाली. वखार वाचली नाही. तिची राख दोन दिवस धुमसत होती. ओळीतली घरं मात्र राहिली. बाळंतिणीला आधीच खाटेसकट खाली आणलं होतं. त्या बाळाचं बारसं तिच्याच माडीवर झालं.

दर १४ एप्रिलला काका सकाळी बाबासाहेबांच्या मिरवणुकीत आणि दुपारी नारळ नि पेढे घेऊन बंबाच्या ठाण्यावर जात. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटलं. त्यात कापसाच्या गाठीही होत्या आणि दारूगोळाही. आग विझवायला गेलेले सहासष्ट जवान मेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस आणि त्यापुढचा आठवडा पाळतात. काका पेढा देताना काही भाषण करत नसत. "घ्या," एवढंच म्हणत.

आता नर्मदेचं पाणी आलं आहे. २००६ नंतर देवास जिल्ह्यात शेतकऱ्यांनी हजारो शेततळी खोदली, त्यांना 'रेवासागर' म्हणतात. गव्हाच्या काढणीनंतर कुणी नरवाई पेटवली आणि वाऱ्यानं ती शेजारच्या उभ्या पिकात शिरली, तर हीच तळी जवळची. गावात मात्र माणसं वाढली, गल्ल्या तेवढ्याच राहिल्या आणि त्यांत मोटारी उभ्या राहिल्या. डिसेंबर २०२४ मध्ये देवासच्या नयापुऱ्यात एका घराला पहाटे आग लागून एकाच कुटुंबातली चौघं गेली. ती बातमी वाचली त्या दिवशी मी कपाटातून काकांची वही काढली. काका जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती.

काढायला आणखी एक कारण होतं. आमच्या माहेरच्या वाड्यातली विहीर बुजवायचं घाटत होतं. चार मोटारींची जागा होते, हा हिशोब. पुण्याचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "ताई, आता विहिरीवर पाणी भरायला कोण येऊन राहिलंय? नळ आहे, बोअर आहे. उरतात ते डास." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. शिवाय वाड्यात राहतो धाकटा भाऊ, खर्च त्यांनी सगळ्यांनी करायचा, आणि मी धारला. मी वहीतलं एक पान त्याला वाचून दाखवलं. 'आपली विहीर. दिंडीपासून बावीस पावलं. गाडी आत येत नाही. १९९०: चौदा हात.' ज्या वर्षी गावाला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षीही आमची विहीर बंबाच्या टप्प्यात होती. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पण गाडी आत येतच नाही ना?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून भाऊ आणि मी तो विचारायला ठाण्यावर गेलो. तिथला एक जवान येऊन पाहून गेला. मोठी गाडी वळणावरच अडेल, म्हणाला. पण चार माणसांनी उचलून आणायचा लहान पंप असतो, तो दिंडीतून सहज जाईल. विहिरीवर जाळी घाला, पण तिला उघडणारं झाकण ठेवा आणि कुलूप लावू नका. एवढं ऐकल्यावर चुलतभावानं जाळीचे पैसे स्वतःहून पाठवले. मोटारी आता दोनच उभ्या राहतात. अक्षय तृतीयेला मी मुद्दाम देवासला गेले, दोरी टाकली. तेरा हात. वहीत लिहून ठेवलं.

दिवाळीच्या रात्री आपण सगळे गच्चीवर आतषबाजी बघत असतो, तेव्हा ठाण्यावरची मंडळी बूट घालून बसलेली असतात. या वेळी दुपारी फराळाचं ताट त्यांच्याकडे जाऊ द्या. ताट घेऊन गेलात की एवढंच विचारा: आमच्या गल्लीत तुमची गाडी शिरते का, आणि आमच्या जवळचं पाणी कुठलं? शिरत नसेल तर निदान त्या चार रात्री स्कूटर-मोटारी गल्लीच्या तोंडाशी लावू नका. १०१ आणि ११२ हे आकडे मुलांकडून पाठ करून घ्या. पत्ता सांगताना जवळची खूण हिंदीत सांगायला शिकवा, कारण पलीकडून विचारणारा 'दमकल'वाला असेल. आणि वाड्यात विहीर उरली असेल तर तिच्यात एकदा दोरी सोडून बघा. पंधरा हातांच्या आत पाणी लागलं, तर ठाण्यावर कळवा.